ग्रामोफोन चालू स्थितीत

हातात धरून गावोगाव नेता येणारं गाण्याचं यंत्र किती टिकतं, असं कोणी विचारलं तर मी ताबडतोब सांगतो: तीन राज्यं. वर्षांत सांगायचं तर पंचाईत होते, कारण त्यातलं नेमकं किती आयुष्य यंत्राचं आणि किती सुखदेव तायडे यांचं, याचा निवाडा माझ्याच्यानं होत नाही. यंत्र आमच्या अमरावतीच्या ऑफिसचं होतं. ऑफिसचं नाव सांगत नाही. ते अजून आहे, आणि माझ्या पेन्शनच्या कागदावर तिथल्याच माणसाची सही लागते.

खेड्यापाड्यांत जाऊन शेतकऱ्यांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायच्या, हे आमच्या ऑफिसचं काम. शहाणपण ऐकायला कोणी जमत नाही हे सरकारलाही ठाऊक होतं, म्हणून त्यानं एक चावीचा ग्रामोफोन दिला होता. भोंगा नसलेला, झाकण लावलं की सुटकेससारखा दिसणारा. सोबत तीन रेकॉर्डी. एक खताच्या खड्ड्याचं महत्त्व सांगणारी, एक देवीची लस टोचून घ्या म्हणणारी आणि तिसरी भजनाची, ती माणसं गोळा करण्यापुरती. हे सगळं वाजवायला एक माणूस, म्हणजे तायडे. हुद्दा ‘ग्रामोफोन चालक, अस्थायी’. यंत्र सेवेत असेल तोवरच हे पद राहील, असं मंजुरीच्या कागदावर स्वच्छ लिहिलेलं होतं. म्हणजे यंत्र गेलं की तायडे घरी गेले.

मी तिथं कारकून होतो आणि जडसंग्रहाची नोंदवही माझ्याकडे होती. खुर्ची, कंदील, घंटा, घंटेचा हातोडा अशी प्रत्येक वस्तू त्या वहीत, आणि वस्तूपुढे तिचं सरकारनं ठरवून दिलेलं आयुष्य. ग्रामोफोनला सात वर्षं दिली होती. त्याआधी तो मेला तर सरकार ते मानत नसे.

तायडे दर्यापूरकडचे, खारपाणपट्ट्यातले. उंच, वाळकुडे, गळ्याची घाटी एवढी मोठी की बोलताना आपलं लक्ष तिच्याकडेच जावं. खारं पाणी पिऊन वाढलेल्या माणसाचा गळा असा गोड कसा, हे मला कधी उमगलं नाही. बायको लवकर गेली होती. घरात एकच लेक, सुमन. ती चौथीत असल्यापासून तिला मास्तरीण करायचं त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. पेटीवर ओला पंचा टाकून ते भर उन्हात बसस्टँडकडे निघायचे तेव्हा लोकांना वाटे, आत काही नासणारं आहे.

यंत्र मेलं ते परतवाड्याच्या पुढच्या एका गावात, साल पंचावन्न. मी त्या दिवशी पत्रकं वाटायला सोबत होतो. गाव पारावर जमलेलं. आमचे त्या वेळचे साहेब पोटभर रोडगे आणि वांग्याची भाजी खाऊन बाजेवर टेकलेले. तायडेंनी चावी भरायला घेतली, आठ-दहा फेरे झाले आणि आतून कडाड् असा आवाज आला. स्प्रिंग तुटली. चावी नुसतीच गरागरा फिरायला लागली.

तायडेंचा चेहरा मी पाहिला. त्या चेहऱ्यावर चौथीतली सुमन दिसत होती. त्यांनी एकदा साहेबांकडे पाहिलं, साहेबांचे डोळे मिटलेले. मग त्यांनी शांतपणे रेकॉर्ड ठेवली, सुई टेकवल्याचं नुसतं दाखवलं, झाकण अर्धं लोटलं, काहीतरी नीट करतोय असं दाखवत पेटीत डोकं घातलं, बोटानं तबकडी फिरवत राहिले आणि खताच्या खड्ड्याचं गाणं गायला लागले.

नुसते गायले असते तर मी विसरलो असतो. त्यांनी आधी ओठांनी सुईची खरखर काढली. मग वाद्यांचा तुकडा नाकातून काढला. मग गाणं. तिसऱ्या कडव्यात, चावी उतरली की जसा होतो तसा, आवाज जड होत होत खाली गेला. गर्दीतून कोणीतरी सवयीनं ओरडलं, “चावी द्या जी!” तायडेंनी रिकामी चावी सहा वेळा फिरवली आणि आवाज पुन्हा वर चढवला.

साहेब डोळे न उघडता म्हणाले, “आज आवाज स्वच्छ लागलाय.”

गावानं सगळं पाहिलं होतं. पुढे बसलेली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, “माणूस गाऊन राह्यला, न डब्बा फुक्कटचा बसमंदी हिंडून राह्यला.” पण हे तिनं साहेबांच्या कानावर जाणार नाही एवढ्याच आवाजात सांगितलं. वऱ्हाडी माणूस तोंडाचा फटकळ असला तरी कोणाची भाकर कुठे आहे हे त्याला कळतं.

परतताना मी म्हटलं, “तायडे, दुरुस्तीचा कागद लावू.”

“काहून?” ते म्हणाले.

“अहो, मेलंय ते.”

“सरकारची वस्तू हाय, बाबू. सरकारनं सांगल्याबिगर मरत नाई.”

तरी मी कागद लावलाच. वरून शेरा आला की दुरुस्तीसाठी तीन कारागिरांचे दर मागवा. अख्ख्या अमरावतीत ग्रामोफोन उघडता येणारा कारागीर एक. त्यानं तीन वेगवेगळ्या नावांनी दर द्यायची तयारी दाखवली, पण आमचे नाझर म्हणजे ऑफिसच्या सगळ्या सामानाचे मुख्य, ते काटेकोर. एका हस्ताक्षराचे तीन कागद त्यांनी परत पाठवले. कागद तिथेच मिटला. मी वहीत लिहिलं, ‘चालू स्थितीत’. पहिल्यांदा लिहिताना टाक दोनदा दौतीत बुडवला. पुढे सवय झाली.

तायडेंना एकदा विचारलं, “खरखर कशाला काढता? चावी उतरल्याचं सोंग तरी कशाला? सरळ गा की.”

“सरळ गायलो तं गवई होईन मी,” ते म्हणाले. “आपल्या हापिसात गवयाची पोस्ट हाय काय?”

ते नियमानं चालणारे गृहस्थ होते. रेकॉर्डच्या एका बाजूला एक नवी सुई असा नियम होता, म्हणून प्रत्येक गाण्यानंतर ते मेलेल्या यंत्राची सुई बदलत. एकदाही न घासलेल्या त्या सुया गावच्या मास्तरांना कागद टोचायला देत. दरमहा यंत्राला वंगण मिळे, त्याऐवजी ज्येष्ठमध मागत. मी ‘वंगण’ म्हणूनच देत असे. सर्दी झाली की रजेच्या अर्जात कारण लिहीत, ‘यंत्र नादुरुस्त, तीन दिवस’. वरुडकडे दौरा असला की बागवाले संत्र्यांची टोपली पुढे करायचे. तायडे हात जोडून म्हणायचे, “मशीनले आंबट चालत नाई.” ती टोपली मग मी घरी आणत असे. त्या काळात आमच्या घरी संत्री कधी कमी पडली नाहीत.

छप्पनच्या दसऱ्याला तायडे तीन दिवसांची रजा घेऊन लेकीसह नागपूरला गेले आणि दीक्षा घेऊन आले. आल्यावर पहिल्या दिवशी त्यांनी भजनाची रेकॉर्ड माझ्या टेबलावर ठेवली.

“बाबू, हे घासली. लिवून टाका.”

मी रेकॉर्ड उन्हाकडे धरली. तिच्यावर वर्षभर धड सुई चाललेली नव्हती. इतकी चकचकीत की तिच्यात माझं तोंड दिसत होतं. मी तायडेंकडे पाहिलं. ते माझ्याकडे सरळ पाहत होते, एरवी साहेबांसमोर पाहत तसे खाली मान घालून नव्हे. मी लिहिलं, ‘घासून निकामी’. त्यानंतर ती रेकॉर्ड कपाटात पडून राहिली आणि तायडेंनी ते भजन पुन्हा म्हटलं नाही.

गावांना हे सहजी पचलं नाही. रिद्धपूरच्या वाटेवरच्या एका गावात तिथले पाटील अडून बसले. आधी भजन, मग खताचा खड्डा, असा त्यांचा क्रम ठरलेला.

“ते रेकॉर्ड घासली, पाटील,” तायडे म्हणाले.

“रेकॉर्ड घासली असन. तुया गळा तं साबूत हाय ना?”

“गळा माया हाय, पाटील. रेकॉर्ड सरकारची होती.”

गावातलं बोलणं त्या दिवसांत कुठून कुठे जाईल सांगता येत नव्हतं. पाटलांनी तोंडातली तंबाखू थुंकली. मग म्हणाले, “बरं, तं खड्ड्याचं होऊ द्या.” आणि खड्ड्याचं झालं, दोनदा झालं.

आता राज्यांचं सांगतो. त्याच सुमारास आमचा वऱ्हाड मध्यप्रदेशातून उचलला आणि मुंबई राज्यात ठेवला. माणसांची बदली झाली तशी सामानाचीही झाली. नव्या राज्याच्या नव्या वह्या आल्या. जुन्या वहीतली प्रत्येक वस्तू नवीत चढवायची, आणि ‘मिळाल्याचा दिवस’ या रकान्यात हस्तांतराचा दिवस टाकायचा. नाझरांनी तो नियम मला तीनदा वाचून दाखवला. अशा रीतीनं एक वर्षापूर्वी मेलेला ग्रामोफोन नव्या राज्यात जन्माला आला आणि त्याला पुन्हा पुरी सात वर्षं मिळाली. तायडेंना मी ही बातमी सांगितली तेव्हा ते बोटांवर मोजून म्हणाले, “म्हंजे सुमी मॅट्रिकच्या पार जाते.”

साठ साली महाराष्ट्र झाला. पुन्हा वह्या, पुन्हा हस्तांतर, पुन्हा सात वर्षं. त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले गेले. तायडेंनी दोन घेतले. “एक माया, एक याचा,” म्हणत त्यांनी पेटीवर थाप मारली. मग दोन्ही पेढे रुमालात बांधून लेकीसाठी घरी नेले.

हे असंच सदुसष्टपर्यंत चाललं असतं. पण मधे एक नवे साहेब आले आणि त्यांना ट्रान्झिस्टर हवा झाला. तळहाताएवढा, कातडी वेष्टणाचा, क्रिकेटची कॉमेंट्री ऐकवणारा. ऑफिसच्या खर्चानं नवं वाजणारं यंत्र घ्यायचं तर जुनं निकामी ठरायला हवं होतं. साहेबांनी एका दुपारी समिती बसवली. समितीत ते स्वतः आणि नाझर. मी वही धरायला.

सुमन तेव्हा अकोल्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला होती. शेवटचं वर्ष, परीक्षेला चार महिने उरलेले. सकाळी तायडे माझ्या टेबलाशी आले. “चार मयने, बाबू,” एवढंच म्हणाले. “तवरक जगवा त्याले. मंग खुशाल मरो.” नऊ वर्षांत त्यांनी मला घातलेली ही पहिलीच गळ. मी छाती पुढे काढून म्हटलं, “बघतो मी.” दुपारी समितीपुढे मी नुसती वही धरून उभा होतो.

साहेब म्हणाले, “वाजवून दाखवा. वाजलं तर चालू, नाही वाजलं तर निकामी.” आणि उठून त्यांनी स्वतः कपाटातून हाताला लागली ती रेकॉर्ड काढली. “ही लावा. भजनाची आहे, गुरुवारही आहे.”

तायडेंनी रेकॉर्ड घेतली. तबकडीवर ठेवली. चावी फिरवली. सुई टेकवल्याचं दाखवलं. बोटानं तबकडी फिरवत राहिले आणि गप्प बसले. खरखरसुद्धा काढली नाही. सबंध ऑफिसनं लेखण्या खाली ठेवल्या होत्या. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की तायडे, म्हणा हो एकदा, चार ओळींचा तर प्रश्न आहे. लेकीचं वर्ष जाईल. आज लिहिताना मला माझ्या त्या विचाराची लाज वाटते.

साहेब खूश झाले. “वाजत नाही. लिहा, निकामी.”

नाझरांनी माझ्या हातातली वही ओढून घेतली, चष्मा लावला आणि पान काढलं. “साहेब, ही रेकॉर्ड छप्पनपासून निकामी आहे. निकामी वस्तू वाजली नाही, हे वहीप्रमाणे योग्यच आहे. वाजली असती तर मला चौकशी लावावी लागली असती.”

“मग दुसरी लावा!”

तायडेंनी खताच्या खड्ड्याची लावली. चावी फिरवली, सुई टेकवल्यासारखी केली, खरखर काढली आणि गायला लागले. या वेळी झाकणात डोकं घातलं नाही. साहेबांच्या समोर, दोन हातांवर, ताठ बसून, तोंड उघडून गायले. पहिलं कडवं झालं. चावी उतरली, आवाज जडावला. माझ्या तोंडून आपोआप गेलं, “चावी द्या!” ऐन वेळी मी तायडेंसाठी जे काही केलं ते एवढंच.

“अरे, हा माणूस गातोय!” साहेब ओरडले.

नाझरांनी दौत पुढे ओढली. “तसं लिहू का, साहेब?”

“लिहा!”

“लिहितो. फक्त आपल्या तीन दौऱ्यांच्या डायऱ्यांत आपल्या सहीनं नोंद आहे की ‘गावकऱ्यांस ग्रामोफोन ऐकवून प्रबोधन केले’. ती कोणत्या ग्रामोफोनची, एवढं वर विचारतील. त्याचं उत्तर सांगा, तेही लिहितो.”

ते तिन्ही दौरे साहेबांनी ऑफिसातल्या पंख्याखाली केले होते. हे त्यांना ठाऊक होतं, नाझरांना ठाऊक होतं, चहा आणणाऱ्यालाही ठाऊक होतं. मधल्या वेळात तायडे गातच होते, कारण त्यांना कोणी थांबवलं नव्हतं. साहेबांनी खिडकीबाहेर बघत गाणं शेवटपर्यंत ऐकलं आणि सही केली. मी वर लिहिलं, ‘चालू स्थितीत’.

साहेबांनी पुढे स्वतःचा ट्रान्झिस्टर घेतला. तो पहिल्याच उन्हाळ्यात सेल पाझरून आतून कुजला.

निकाल लागला. सुमन पास झाली आणि तिला अकोल्याच्याच एका शाळेत जागा मिळाली. तायडे पेटी घेऊन माझ्या टेबलाशी आले. पेटी पुसलेली, कडीला तेल दिलेलं. त्यांनी ती माझ्यापुढे ठेवली.

“लिवा आता, बाबू. मरू द्या त्याले.”

“तायडे, अजून तीन वर्षं आहेत त्याला. तुम्हालाही.”

“नको. लय जगलं.”

मी लिहिलं. कारणाच्या रकान्यात ‘स्प्रिंग तुटली’ असं लिहिलं, जे पहिल्या दिवसापासून खरं होतं. तायडेंना निरोप म्हणून काही झालं नाही. अस्थायी माणसाला निरोप देण्याची पद्धत नव्हती. नाझर मात्र उठून दारापर्यंत गेले. ते कोणासाठी उठल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

वर्षभरानं माझी बदली अकोल्याला झाली. एक दिवस सुमन ऑफिसात आली. बापासारखीच उंच, बोलायला खणखणीत. “काका, आमच्या शाळेचं संमेलन हाय. बाबा गाणार हायेत. नाई म्हणून राह्यले होते, मी आयकलं नाई. तुमी याच.”

मी गेलो. पत्र्याच्या मांडवात पोरं, आया, मास्तर, बरीच गर्दी. तायडे मंचावर आले आणि मधोमध उभे राहिले. पुढे काही नाही, बाजूला काही नाही. हात कुठे ठेवावे कळेना म्हणून ते पाठीमागे बांधले. मग त्यांनी खारपाणपट्ट्यातल्या बायका म्हणतात ते गाणं सुरू केलं. खाऱ्या पाण्यात वरण शिजत नाही आणि सासूला वाटतं सुनेनंच शिजवलं नाही, असं ते गाणं. आधी खरखर नाही, मधे आवाज उतरणं नाही. मला दहा वर्षांनी कळलं की हा माणूस गातो कसा. यंत्राच्या मापात बसवताना त्यांनी आपला अर्धाअधिक गळा दाबून ठेवला होता. बायका हसत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या.

गाणं संपलं आणि मांडवभर टाळ्या पडल्या.

तायडे दचकले. नऊ वर्षं त्यांनी शंभरएक गावांत गाऊन काढली होती, पण टाळ्या त्यांनी कधी ऐकल्याच नव्हत्या. ग्रामोफोनला कोण टाळ्या वाजवतं? त्यांना वाटलं मागून कोणी पाहुणे आले. ते घाईनं बाजूला सरकले, वाट दिली, आणि वळून मागच्या पडद्याकडे बघायला लागले.

“सुमे, कोन आलं वं?”

सुमन मंचाच्या पायरीशी उभी होती. “कोनी नाई आलं, बाबा,” ती म्हणाली. “हे तुमालेच हाय.”

तायडे पुन्हा मधोमध आले. टाळ्या थांबायची वाट बघत हात बांधून उभे राहिले. टाळ्या थांबेनात, तेव्हा त्यांनी टोपी काढून छातीशी धरली आणि रडायला लागले. मीही मागच्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवत होतो, आणि त्यानंतर तायडे मला भेटले नाहीत.